हे आमच्याकडे येत नाही

अख्खी नोकरी महापालिकेच्या परवाना विभागात काढलेल्या माणसाला युरोपात नेऊन दाखवायचं तरी काय, हा प्रश्न माझ्या भाचीला चांगलाच पडला होता. राजवाडे झाले, चर्च झाली, घड्याळांची दुकानं झाली. मी सगळीकडे "छान आहे हो" म्हणून पुढे सरकत होतो. मग एका सकाळी पोहे खाताना ती म्हणाली, "मामा, मी इथे वडापाव-मिसळीचं दुकान काढतेय. परवाने घ्यायचेत. येता का बरोबर?" पोह्यांची बशी तशीच ठेवून मी इस्त्रीचा शर्ट शोधायला उठलो.

ही 2024च्या उन्हाळ्यातली गोष्ट. गाव जर्मनीतलं, नेकार नदीच्या काठचं. नाव सांगत नाही, भाचीला अजून तिथेच राहायचंय.

पहिला प्रश्न होता, दुकान कुणाच्या नावावर? जावईबापू इंजिनिअर, मोटारींचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात. पगार भक्कम, जर्मन भाषा अस्खलित. त्यांनी आपलं निवास-कार्ड आणि त्याला जोडलेला हिरवा कागद काढून दाखवला. त्यावर स्पष्ट छापलं होतं की या गृहस्थाला स्वतंत्र धंदा करायला परवानगी नाही, नोकरी करावी आणि गप्प बसावं. (शेवटचे तीन शब्द माझे.) भाची आली ती केवळ बायको म्हणून. तिच्या कार्डावर मात्र कुठलंही अर्थार्जन करायला मुभा, नोकरी करा नाहीतर धंदा. जर्मन कायद्यात हे असंच आहे: जो हुशारीवर आला तो दावणीला, जी लग्नावर आली ती मोकळी. जावईबापूंनी तो कागद पुन्हा घडी करून ठेवला आणि म्हणाले, "मामा, मी भांडी घासायला असेन." भाची म्हणाली, "ते नोकरीत मोडतं. आधी विचारून घ्यावं लागेल."

धंद्याची नोंदणी म्हणजे आपल्याकडचा गुमास्ता. मी मनातल्या मनात सतरा कागदांची यादी करून गेलो होतो. प्रत्यक्षात एकच फॉर्म. फी गावागणिक वेगळी, वीसपासून पन्नास-साठ युरोंपर्यंत. समोरच्या बाईंनी पासपोर्ट पाहिला, फॉर्म पाहिला, शिक्का मारला, शुभेच्छा दिल्या. बस्स. मी खुर्चीतून उठेचना. "अहो, त्रुटी?" मी भाचीला मराठीत विचारलं. "काहीच त्रुटी काढली नाही?" परवाना खात्यात अर्ज एका फेरीत निकाली निघाला तर अर्जदारालाच संशय येतो, की आपण भलत्याच खात्यात तर आलो नाही ना.

घरी आल्यावर दोन आठवड्यांत माझा जीव भांड्यात पडला. त्या एका फॉर्मच्या प्रती त्या बाईंनी गावभर वाटल्या होत्या, आणि हे त्यांचं कामच असतं. कर खातं, उद्योग-व्यापार मंडळ, अपघात विमा संस्था, वजनमापवाले, सांख्यिकी खातं. आता सगळ्यांची पत्रं यायला लागली. आपल्याकडे माणूस कार्यालयांच्या मागे धावतो; तिथे माणूस घरी बसून असतो आणि कार्यालयं पोस्टाच्या पेटीतून आत येतात. व्यापार मंडळाने कळवलं की आपण आमचे सभासद झाला आहात. "मी अर्ज कुठे केला?" भाची म्हणाली. करायचा नसतोच. धंदा केला की सभासदत्व आपोआप चिकटतं. कुणीतरी त्याविरुद्ध थेट घटना न्यायालयापर्यंत गेलं होतं, तर 2017 मध्ये न्यायालयाने सांगितलं की सक्ती आहे तीच योग्य आहे. अपघात विमा संस्थेचंही तसंच. वडा तळताना हात भाजला तर काय, याची काळजी भाचीने कढई विकत घेण्याआधीच कुणीतरी करून ठेवली होती.

कर खात्याची प्रश्नावली ऑनलाइनच भरायची. त्या संकेतस्थळावर खातं उघडायला लागतो एक गुप्त कोड, आणि तो कोड येतो पोस्टाने. टपालवाल्याची वाट पाहत आम्ही डिजिटल जर्मनीत दिवस काढले. आत गेल्यावर प्रश्न असा: यंदा तुम्हाला किती नफा होईल? आणि पुढच्या वर्षी? अजून एक वडा तळला नव्हता. बटाटेसुद्धा आणले नव्हते. पण आकडा भरल्याशिवाय पान पुढे जाईना. आपल्याकडे असल्या प्रश्नांसाठी माणूस पत्रिका घेऊन शास्त्रीबुवांकडे जातो. तिथे भविष्य स्वतःच वर्तवायचं, आणि मग त्या भविष्यावर कर खातं दर तिमाहीला आगाऊ कर मागतं. जास्त सांगितलं तर आत्ताच खिसा रिकामा, कमी सांगितलं तर नंतर. भाचीने बराच विचार करून एक विनम्र आकडा लिहिला. जावईबापू म्हणाले, "एवढ्याच नफ्यासाठी मी भांडी घासणार आहे का?"

मग क्रमांक सुरू झाले. जन्मल्यापासून मरेपर्यंत आणि त्यानंतरही काही काळ पुरणारा अकरा आकडी व्यक्तिगत कर-क्रमांक तिच्याकडे होताच. धंद्याला वेगळा कर-क्रमांक. सीमेपलीकडून मसाला मागवायचा तर त्यासाठी आणखी एक. हाताखाली माणूस ठेवायचा तर रोजगार खात्याचा वेगळाच. हे सगळे क्रमांक एकमेकांना ओळखत नाहीत, म्हणून त्याच वर्षी नोव्हेंबरपासून सरकारने धंद्यासाठी एक सर्वसमावेशक क्रमांक द्यायला सुरुवात केली. जुने मात्र रद्द केले नाहीत. हा निर्णय ज्याने घेतला त्या अधिकाऱ्याला मला भेटायचं होतं. आमच्या खात्यात तो फार वर चढला असता.

खरा आनंद मिळाला तो विक्रीकरात. त्या वर्षी तिथे नियम असा होता की वडापाव गिऱ्हाइकाने बांधून नेला तर कर 7 टक्के आणि दुकानात बसून खाल्ला तर 19. वडा तोच, पाव तोच, चटणी तीच. खुर्ची दिलीत की ती सेवा; हातात पुडी दिलीत की ती वस्तू. मग भिंतीला एक फळी ठोकली आणि तिच्यापाशी उभं राहून खाल्लं तर? मी गंमत म्हणून विचारलं. भाचीच्या कर सल्लागाराने गंमत म्हणून घेतलं नाही. लक्झेंबर्गच्या युरोपीय न्यायालयाने 2011 मध्ये जर्मन टपऱ्यांवरच्या सॉसेज आणि चिप्सचा खटला ऐकून यावर निर्णय दिला आहे म्हणे. साधी फळी, उभं राहून खाणं, वेटर नाही, तर ती वस्तूचीच विक्री. सात टक्के. युरोपातले न्यायमूर्ती झगे घालून बसलेत आणि समोर टपरीची फळी, हे दृश्य मी कितीतरी दिवस मनातल्या मनात पाहत होतो. आमच्याकडे हातगाडीचे खटले असतात, पण ते गाडी उचलून नेल्याचे. गाडीच्या फळीकडे तत्त्वज्ञानाच्या अंगाने कुणी पाहिलं नव्हतं.

आणि चहा! बरोबर न्यायचा चहा हे पेय, म्हणून 19 टक्के. पण पेयात दूध किमान 75 टक्के असेल तर ते दुधाचं मिश्रण, म्हणून 7. आता आपला मसाला चहा कुठे बसवायचा? नुसत्या दुधातला केला तर सात, निम्मं पाणी घातलं तर एकोणीस. म्हणजे पाणी घालून चहा वाढवणाऱ्याला तिथे कायद्यानेच भुर्दंड बसतो. पुण्याचा कुठलाही अमृततुल्यवाला हे ऐकून डोळे पुसेल, किंवा तिथून निघून जाईल. भाचीने अखेर मोजपात्र आणलं आणि चार भाग चहाला तीन भाग दूध असा नियम भिंतीवर चिकटवला. चहा फार दाट होतो. मला आवडला.

मिसळीबरोबर बिअर हवीच, हे जावयांचं मत. इथे माझी खरी करमणूक झाली, कारण तिथल्या कायद्यात दारू न विकणाऱ्या खाणावळीला हॉटेलचा परवाना लागत नव्हता, विकणाऱ्याला लागायचा. त्यासाठी चारित्र्याचा दाखला, कर खात्याकडून काही थकलेलं नसल्याचा दाखला (आपला ना हरकत दाखला! मला माहेरचं माणूस भेटल्यासारखं झालं), जागेचा नकाशा, आणि व्यापार मंडळाच्या एका दिवसाच्या वर्गाला बसल्याचं प्रमाणपत्र. या प्रमाणपत्राला लोक तिथे सर्रास टिक्कीचा दाखला म्हणतात. परीक्षा नसते, हजेरी असते. भाची संपूर्ण शाकाहारी दुकान काढणार. पण खिमा कसा साठवावा आणि किती वेळात संपवावा हे तिने दुपारभर निमूटपणे ऐकून घेतलं. शेजारी एक ग्रीक गृहस्थ बसले होते. त्यांच्या आजोबांपासून खानावळ चालू, आणि ते सगळं वहीत उतरवून घेत होते.

याच कायद्यातलं एक कलम मला इतकं आवडलं की मी ते डायरीत लिहून ठेवलंय. दारू विकणाऱ्याने बिनदारूचं किमान एक पेय असं ठेवायचं, की ते सर्वांत स्वस्त दारूपेक्षा महाग असता कामा नये. लोक याला सफरचंदाच्या रसाचं कलम म्हणतात. तरुण पोरांनी केवळ परवडते म्हणून बिअर घेऊ नये, हा हेतू. भाचीकडे त्या जागी कोकम सरबत आलं. ते बिअरपेक्षा दहा सेंटने स्वस्त ठेवलं, न जाणो उद्या कुणी आमसुलाचे भाव वाढवले तर.

त्याआधी आरोग्य खात्यात जाऊन संसर्गाविषयीचा माहितीपट पाहून झाला होता. स्वयंपाकघरात काम करणाऱ्या प्रत्येकाने तो पाहायचा, आणि काम सुरू करताना तो कागद तीन महिन्यांपेक्षा जुना नको. जावयांनीही पाहिला. माहितीपट संपल्यावर त्यांनी दिवसभर कुठल्याच दाराच्या कडीला हात लावला नाही.

पण सगळ्यांत मोठी लढाई स्वयंपाकघरातल्या टेबलावर झाली. युरोपात डिसेंबर 2014 पासून उघड्यावर विकल्या जाणाऱ्या पदार्थालाही ॲलर्जीची माहिती द्यावी लागते. घटक चौदा. मेनूत प्रत्येक पदार्थापुढे त्यांचे संकेत लिहायचे. ती यादी घेऊन आम्ही बसलो आणि लक्षात आलं की ही यादी करणाऱ्याने एखाद्या मराठी बाईच्या मिसळणाच्या डब्याशेजारी बसूनच ती केली असावी. मोहरी: यादीत. म्हणजे फोडणी गेली. तीळ: यादीत. शेंगदाणे: यादीत. म्हणजे लसणीची चटणी, खिचडी, कोशिंबीर, सगळीच अडकली. दूध, दही: यादीत. काजू: यादीत. गहू: यादीत, आणि पावाचं काय करणार? आता उरला हिंग. भाची म्हणाली, "हिंग तर नक्की नाही." मी डबी फिरवून बघितली. खडा सोडला तर बाजारातल्या पुडीत हिंगाबरोबर बहुधा गव्हाचं पीठ असतं. म्हणजे नुसती फोडणी दिलेली, गव्हाचा कण नसलेली भाजीसुद्धा ग्लूटेनवाली. त्या संध्याकाळी निर्दोष सुटले ते बेसन, मूग, मटकी आणि सुकं खोबरं. नारळाला हा कायदा कवचाचा मेवा मानत नाही. बटाट्यावर तर कुणाचा आरोपच नव्हता. भाचीने मेनू छापला तेव्हा मिसळीच्या नावापुढे इतके आकडे आले की गिऱ्हाईक तो दूरध्वनी क्रमांक समजेल, अशी जावयांना भीती होती.

पावाचं प्रकरण निराळंच. भाचीचा बेत होता, लादी पाव आपणच भाजायचा आणि थोडा बाहेरही विकायचा. तिथे बेकरी ही कारागिरी, आणि ती स्वतंत्रपणे करायची तर 1953च्या कारागिरी कायद्याप्रमाणे माइस्टर लागतो. माइस्टर म्हणजे उमेदवारी करून, परीक्षा देऊन झालेला उस्ताद. 2004 मध्ये सरकारने अशा 53 धंद्यांवरची ही अट काढली. 2020 मध्ये त्यातल्या 12 धंद्यांना, फरशी बसवणाऱ्यांपासून पुढे, ती परत लावली. बेकर मात्र कधी सुटलाच नव्हता. माझं प्रामाणिक मत असं, की पोर्तुगीज गोव्यात उतरले तेव्हा बंदरावर एखादा जर्मन अधिकारी उभा असता तर आपल्याला आजही पाव मिळाला नसता. आम्ही कोपऱ्यावरच्या माइस्टरकडे गेलो. भिंतीवर चौकटीतलं प्रमाणपत्र, हात कोपरापर्यंत पिठात. भाचीने मोबाइलवर लादी पावाचे फोटो दाखवले. त्याने ते मोठे करून पाहिले आणि विचारलं, "एकमेकांना चिकटलेले? मुद्दाम?" पुढच्या आठवड्यात त्याने असे पाव करून दिले की मी दोन नुसतेच खाल्ले.

जागा होती ती पूर्वीच्या शिंप्याची. शिंप्याच्या जागी खाणावळ म्हणजे वापरात बदल, म्हणजे इमारत खात्याची परवानगी, म्हणजे अधिकृत वास्तुविशारदाचे नकाशे. धुराडं छपराच्या वर न्या, सांडपाण्याला तेल वेगळं करणारी टाकी बसवा, गिऱ्हाइकांच्या गाड्या कुठे लागतील ते दाखवा. इथे मी माझं कसब आजमावलं. भाचीला म्हटलं, "त्या बाईंना सांग, माणसं चालतच येणार, गाड्यांचं सोडून द्या." बाई हसल्या. मग शांतपणे म्हणाल्या, गाड्यांचा विषय माझ्याकडे येत नाही. कुणाकडे येतो? वरच्या मजल्यावर. वरच्या मजल्यावर कळलं, तिथे येतो, पण धुराडं येत नाही. धुराड्यासाठी तिसरे. तीन टेबलं, तिघंही गोड बोलणारी, तिघंही भेटीची वेळ पाळणारी, आणि तिघांपैकी एकालाही दुसऱ्याच्या कागदावर मत नव्हतं. मी आयुष्यभर "साहेब रजेवर आहेत", "उद्या या", "वरून विचारून सांगतो" असली वाक्यं वापरली. त्यांत माणूस होता. अर्जदाराला निदान कुणावर तरी चिडता यायचं. "हे आमच्याकडे येत नाही" या वाक्यावर चिडायला जागाच नाही, कारण ते खरं असतं.

गाड्यांच्या बाबतीत आधी नकाराचं पत्र आलं. ते मी भाचीकडून दोनदा वाचून घेतलं. नकार चार ओळींत. त्याखाली सविस्तर लिहिलेलं, की हा निर्णय आपणांस मान्य नसल्यास एका महिन्याच्या आत, अमुक कार्यालयाकडे, अशा प्रकारे हरकत घेता येईल. म्हणजे आमच्याशी भांडायचं कसं, हे आम्हीच शिकवतो. असलं पत्र मी काढलं असतं तर साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावून दार लावून घेतलं असतं. भाचीने त्या पत्रात सांगितल्याप्रमाणेच हरकत घेतली, सायकलींसाठी जागा दाखवली, आणि तेवढ्यावर ते मान्यही झालं. कुणाला भेटावं लागलं नाही, कुणाची ओळख काढावी लागली नाही. मला जरा रितं रितं वाटलं.

अशाच एका संध्याकाळी द्राक्षमळ्यांतून फिरत होतो. एका शेतकऱ्याच्या फाटकावर केरसुणी टांगलेली दिसली. आत दिवे, गलका, लाकडी बाकांवर माणसं, वाइनचे पेले. मी सवयीने परवाना भिंतीवर कुठे लावलाय ते बघायला लागलो. जावई म्हणाले, "मामा, केरसुणी हाच परवाना." त्या भागातल्या द्राक्ष बागायतदाराला आपल्याच मळ्याची वाइन वर्षातून चार महिने आणि फार तर चाळीस खुर्च्या मांडून पाजायची, तर हॉटेलचा परवाना लागत नव्हता. दाराशी केरसुणी लटकावली की लोकांना कळतं. मी बराच वेळ ती केरसुणी न्याहाळत उभा राहिलो. लक्ष्मीपूजनाला केरसुणीची पूजा करायची आमच्याकडेही रीत, पण तिच्या जोरावर बार उघडता येतो हे आमच्या खात्याला सुचलं नव्हतं. भाचीने लगेच विचारलं, "बटाट्याचा मळा घेतला तर चालेल का?" नाही चालत. वाइनच हवी.

तिथल्या सरकारला हे सगळं जास्त होतंय हे कळत नाही असं नाही. नोकरशाहीचा भार कमी करण्यासाठी त्यांनी कायदे केलेत. चौथा 1 जानेवारी 2025 पासून लागू झाला. त्यात जर्मन नागरिकांना हॉटेलात उतरताना भरावा लागणारा फॉर्म रद्द झाला. तुम्हा-आम्हा परदेशी पाहुण्यांना मात्र तो भरावाच लागतो. आणि हिशेबाच्या पावत्या आता दहाऐवजी आठच वर्षं जपायच्या. गल्ल्यावरच्या प्रत्येक विक्रीला पावती द्यायची सक्ती 2020 पासून आहेच, एका वड्यालाही. गिऱ्हाईक ती घेत नाही, भाची ती द्यायचं सोडत नाही, आणि टोपली दुपारपर्यंत भरते.

दुकान उघडलं. आठवड्याभरात अन्न तपासणीच्या बाई न कळवता आल्या. हातात उष्णतामापक, काखेत फाईल. फ्रिजचं तापमान, तेलाचा रंग, हात धुवायचं बेसिन, मेनूतले आकडे, सगळं पाहिलं आणि सगळ्यापुढे बरोबरची खूण केली. जाता जाता दारात थबकल्या. वर लिंबू-मिरची टांगलेली होती, ती माझी.

"हे विक्रीसाठी आहे?"

"नाही," भाची म्हणाली.

"मग अन्नपदार्थ उघड्यावर का?"

भाचीने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, सांग, संरक्षणासाठी आहे. बाहेरून काही आत येऊ नये म्हणून. बाईंनी मान डोलावली आणि फाईलमधलं कीड-प्रतिबंधाचं पान काढलं. किती दिवसांनी बदलता? दर शनिवारी, भाची म्हणाली. बाईंच्या चेहऱ्यावर प्रथमच पुरतं समाधान दिसलं. त्यांनी सांगितलं, उत्तम, फक्त याची लेखी नोंद ठेवा: तारीख, बदलणाऱ्याची सही, आणि निरीक्षण.

वही मी आखून दिली, चार रकान्यांची, शेवटचा शेरा. पहिल्या शनिवारी जावईबापूंनी नवी लिंबू-मिरची बांधली, तारीख टाकली, सही केली, आणि शेऱ्यात जर्मनमध्ये लिहिलं: काही आढळलं नाही.